लॅपटॉपवाले वतन

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी अभ्यासवर्ग भरतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पंचवीस-तीस पोरं-पोरी यायची. आता दहा-बारा येतात. बाकीची कुठे गेली, हे बघायला आम्ही घरोघर फिरलो. पोरांना चळवळीचा कंटाळा आलाय, मोबाईलने खाल्लीत, असे आमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांचे ठाम मत होते. तसे काही नव्हते. पोरं कामावर होती. रविवारी सकाळी नऊ वाजता! कुणी कर्जवसुलीच्या कॉल सेंटरला, कुणी गोदामात पार्सलं लावायला, कुणी मॉलमध्ये, कुणी दुचाकीवर पिशवी लटकवून. जो एक घरी सापडला तो जिन्यात उभा राहून आमच्याशी बोलला आणि तेवढ्यात त्याने तीनदा फोन पाहिला. "टीएलचा मेसेज आला आणि पाच मिनिटांत उत्तर नाही दिलं की ग्रुपवर सगळ्यांसमोर नाव घेतो, दादा."

हा पोरगा बी.कॉम. झालेला आहे. त्याचे पणजोबा गावचे येसकर होते. तिथून परत येताना आमच्या डोक्यात एकच शब्द फिरत राहिला. वतन.

आजच्या पिढीला वतन म्हणजे जमिनीचा तुकडा एवढेच ऐकून माहीत असते, तेही बहुधा भाऊबंदकीच्या कोर्टकचेरीमुळे. पण वतन ही आधी नोकरी होती, आणि कसली नोकरी? कामाचे तास ठरलेले नाहीत. सरकारी अंमलदार आला, पाटलाने हाक मारली, रात्री-अपरात्री निरोप पोचवायचा झाला, की निघायचे. महार घरी नसला तर त्याच्या बापाला, पोराला धरून कामाला लावायचे. पगार म्हणावा तर तो नाममात्र, आणि बलुते गावाच्या मर्जीवर. गाव रुसले की बलुते बंद. शिवाय हे काम सोडता येत नसे, कारण ते जन्माने गळ्यात पडलेले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या सगळ्याच्या विरोधात. समाजातल्याच अनेकांना तेव्हा ते पटत नव्हते. हातची जमीन जाईल, मान जाईल, अशी भीती होती. ज्याने आपल्याला बांधून ठेवले आहे तेच आपले भूषण वाटावे, ही गुलामीची खरी कमाल! शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली.

आता त्या पोराच्या नोकरीकडे बघा. ऑफर लेटरवर नऊ तास लिहिलेले आहेत, पण फोन चोवीस तास. पगार ठरलेला आहे, पण त्यातला मोठा वाटा 'इन्सेन्टिव्ह' आहे आणि इन्सेन्टिव्ह टीएलच्या मर्जीवर. सोडायचे म्हटले तर नव्वद दिवसांची नोटीस, नाहीतर तेवढा पगार भरा. भरला तरी अनुभवाचे पत्र लटकवून ठेवणार. काही ठिकाणी पदवीची मूळ प्रमाणपत्रेसुद्धा कंपनीच्या कपाटात जमा आहेत. या वतनाची सनद पीडीएफमध्ये येते आणि हातात काठीऐवजी लॅपटॉप असतो, एवढाच फरक आम्हाला दिसला.

कुणी म्हणेल, ही तुलना ओढूनताणून केली. वतनदार महाराला विटाळ होता, मारहाण होती, इथे एसी आहे, कॅन्टीन आहे. खरे आहे. जातीच्या नरकाची बरोबरी कशाशीच होत नाही आणि आम्ही ती करतही नाही. आम्ही बोलतोय ते माणसाच्या वेळेबद्दल. तुझा वेळ तुझा नाही, दुसऱ्याच्या हाकेचा आहे, ही जी व्यवस्था असते तिच्याबद्दल. ही व्यवस्था किती जीवघेणी असते हे २०२४ साली पुण्यात सगळ्या देशाने पाहिले. एका जागतिक हिशेबतपासणी कंपनीत नुकतीच लागलेली तरुण लेखापाल मुलगी गेली आणि कामाच्या असह्य ओझ्याने गेली, असे तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहून कळवले. कंपनीने आरोप मान्य केला नाही. पण नंतर राज्याच्या कामगार खात्याचे अधिकारी तपासणीला गेले तेव्हा कळले की हे कार्यालय २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी न करताच चालू होते. सतरा वर्षे! आपल्या वस्तीतल्या वडापावच्या गाडीवाल्याला महापालिकेची माणसे सतरा दिवस तरी सोडतात का?

त्यातही ती मुलगी सनदी लेखापाल होती, इंग्रजी बोलणारी होती, म्हणून बातमी झाली. गोदामात चक्कर येऊन पडलेल्याची बातमी होत नाही.

मालक मंडळींचे म्हणणे काय, तेही ऐकले पाहिजे. २०२३ मध्ये एन. आर. नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितले. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असेही विचारून मोकळे झाले. त्या वर्षी चर्चा झाली ती बायकोच्या विनोदाची. आमच्या मते चर्चा दुसऱ्या आकड्याची व्हायला हवी होती. २०२३-२४ या वर्षात या अध्यक्षांना मिळालेला एकूण मोबदला सुमारे ५१ कोटी रुपये होता, आणि कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या तो साधारण ५३४ पट होता. हे कंपनीच्याच वार्षिक अहवालातले. नव्वद तास काम केल्याने माणूस ५३४ पट होत नाही, कारण आठवड्यात तासच १६८ असतात. वरचे सगळे कुणाच्या तरी तासांतून आलेले असते. एवढे गणित आपल्या पोरांना शाळेत कुणी शिकवत नाही, म्हणून इथे मांडले.

हे तास कमी कसे झाले होते, तेही आपणच विसरलो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते. त्या काळातल्या प्रयत्नांतून १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आपण जयंतीला 'आठ तासांचे शिल्पकार' म्हणून फलक लावतो आणि फलक लावणारी पोरं बारा तासांची ड्यूटी करून रात्री मंडपात येतात. आता तर सरकारनेच रस्ता मोकळा केला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा आणि दुकाने-आस्थापनांमधली नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. तिमाहीतला ओव्हरटाईम कारखान्यांत ११५ तासांवरून १४४ वर नेला. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीऐवजी नुसते कळवले की पुरे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कागदावर तशीच आहे आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असे सरकार सांगते. लेखी संमती! ज्याच्या हातात तुमचे अनुभवपत्र आहे तो समोर कागद ठेवून 'इथे सही कर' म्हणतो, तेव्हा त्या सहीला संमती म्हणायचे?

या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच दिलेले आहे. दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांचा खटला होता. संविधानाच्या अनुच्छेद २३ मध्ये वेठबिगारीला बंदी आहे. न्यायालयाने म्हटले की माणूस भुकेपोटी, दुसरा पर्याय नाही म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबतो, तर तीही सक्तीचीच मजुरी. पाठीवर चाबूक पाहिजेच असे नाही. वतनाची वेठ ज्यांनी आतून पाहिली होती त्यांच्या लेखणीतून संविधानाचा मसुदा उतरला, आणि अनुच्छेद २३ त्याच संविधानात आहे. आमच्या ओळखीच्या किती वकिलांनी हे कलम कॉल सेंटरच्या पोरांसाठी वापरून पाहिले? आम्हाला एकही आठवत नाही.

आता आपल्या घरातल्या दोन युक्तिवादांकडे वळू. ते बाहेरच्यांपेक्षा जास्त अडचणीचे आहेत.

पहिला असा: 'आधी आत तर जाऊ द्या. खासगी क्षेत्रात आपल्याला दार उघडत नाही आणि तुम्ही तिथे युनियन करायला सांगता.' दार उघडत नाही हे खरेच आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही वाचला होता. पात्रता सारखीच, फक्त आडनाव वेगळे, असे अर्ज त्यांनी खासगी कंपन्यांना पाठवले. दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश निघाली. पण याचा पुढचा अर्थ आपण लावत नाही. दार जितके अरुंद, तितकी आत गेलेल्या माणसाला बाहेर पडायची भीती जास्त. दुसरीकडे नोकरी मिळेल याची खात्री असलेला पोरगा टीएलच्या तोंडावर आयडी कार्ड टाकून जातो. आपला पोरगा गिळतो. घरी बहिणीचे शिक्षण, बापाचे औषध आणि 'आपल्या खानदानात पहिला कंपनीत लागला' हा आईचा अभिमान. जात त्याला बिनआवाजाचा कामगार बनवते आणि मालकाला नेमका तसाच हवा असतो. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. ते दोन वेगवेगळ्या गल्ल्यांत राहत नाहीत, हे या पोराकडे बघून कळते.

दुसरा युक्तिवाद 'नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा' हा. आपले उद्योजक उभे राहिले तर आनंदच आहे. पण वस्तीतल्या हजारातले दोघे उद्योजक होतील, उरलेल्या ९९८ जणांचे काय? आणि ते दोघे जेव्हा ठेकेदार होतात तेव्हा सफाईच्या कामावर माणसे कुणाच्या वस्तीतून आणतात, पीएफ भरतात की नाही, हे विचारायची पाळी आमच्यावर आलेली आहे. निळा झेंडा ऑफिसात लावल्याने पगारपत्रक आपोआप सरळ होत नाही. हे लिहिल्याबद्दल आम्हाला फोन येतील. येऊ द्या.

फक्त कंपन्यांना नावे ठेवून आम्ही सुटणार नाही. आम्ही स्वतः सहा वर्षे एका समाजसेवी संस्थेत काढली. तिथे 'आपण सगळे एक कुटुंब' होते, म्हणून सुट्टी मागणे म्हणजे गद्दारी, आणि मानधन तीन-तीन महिने थकायचे. कुटुंबाच्या प्रमुखांची गाडी मात्र थकलेली आम्ही पाहिली नाही. सोडून आलो तेव्हा दोन महिन्यांचे पैसे बुडाले ते बुडालेच. तेव्हा एकटे होतो, भांडलो नाही, याची आजही चीड येते.

तर एकटे न राहता काय होते, याची उदाहरणे आपल्याच माणसांनी घालून दिली आहेत, आणि तीही सर्वांत खाली ढकललेल्या कामात.

मुंबई महापालिकेचा कचरा उचलणारे कंत्राटी कामगार बघा. त्यांतले बहुसंख्य दलित. ठेकेदार बदलत राहायचे, कामगार तेच. कंत्राटी कामगार कायदा लागू होऊ नये म्हणून वीसपेक्षा कमी माणसांचे तुकडे पाडून कंत्राटे दिली गेली. कामगाराला कामगार म्हणायचे नाही म्हणून 'स्वयंसेवक' हा शब्द काढला. (आज डिलिव्हरीवाल्याला 'पार्टनर' म्हणतात. मालकांची भाषेवरची हुकमत मानली पाहिजे.) या कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघ उभा केला, औद्योगिक न्यायाधिकरणात वर्षानुवर्षे लढले, २०१४ मध्ये ती कंत्राटे दिखाऊ ठरवून घेतली आणि ७ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयातून २,७०० जणांना कायम करण्याचा निकाल आणला. त्यानंतरही यादीतल्या नावांच्या स्पेलिंगवरून कितीतरी जणांना अडकवून ठेवले, ते वेगळेच. पण अक्षरे जेमतेम येणाऱ्या माणसांनी हजेरीची एकेक चिठ्ठी जपून देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला हरवले. आपल्याकडे पदव्या आहेत आणि आपण साधा कामाच्या मेसेजचा स्क्रीनशॉट जपून ठेवत नाही.

पुण्यातली गोष्ट याहून वेगळी. तिथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. कचरा वेचणाऱ्या बाया, बहुतेक मातंग आणि बौद्ध, त्यांना लोक चोर समजायचे, पोलीस हाकलायचे. पंचायतीने आधी काय मिळवले? ओळखपत्र. आम्ही कामगार आहोत, हे महापालिकेच्या मान्यतेने छातीवर लावले. पुढे याच संघटनेतून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. साडेतीन हजारांहून जास्त सभासद, आणि संस्था त्यांच्याच मालकीची. घराघराकडून ठरलेले शुल्क त्या घेतात, भंगार विकून येणारा पैसाही त्यांचाच. मध्ये ठेकेदार नाही. हे स्वर्ग आहे असे कुणी समजू नये. सोसायट्या शुल्क बुडवतात, हातमोजे वेळेवर मिळत नाहीत, पाठ मोडते, आणि २०२० च्या अखेरीला करार संपला तेव्हा हे काम मोठ्या ठेकेदाराच्या घशात घालायची धडपडही झाली. पण रात्री अकरा वाजता त्या बाईला कुणाचा मेसेज येत नाही. तिच्या अंगणात बसून आम्ही विचारले, साहेब कोण तुमचा? ती म्हणाली, "साहेब कशाला पाहिजे? मीटिंग असते की."

'मीटिंग असते की.' आमच्या एम.ए.च्या दोन वर्षांत स्वातंत्र्याची इतकी सोपी व्याख्या आम्हाला कुणी सांगितली नव्हती.

डिलिव्हरीच्या पोरांसाठीही आपल्याला नवीन शोध लावायचा नाही. हमालाला एक मालक नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. मग त्याचा पीएफ कोण भरणार? महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्यात याचे उत्तर काढले. मंडळ नेमले, हमालीच्या पैशासोबत वरची लेव्ही व्यापाऱ्याकडून मंडळात जमा व्हायची आणि मंडळाने हमालाला पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचा पैसा द्यायचा. अ‍ॅपवरच्या पोराची स्थिती हुबेहूब हीच आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये अ‍ॅपवरच्या कामगारांसाठी कायदे केले. ज्या महाराष्ट्राने माथाडी मंडळ जगाला दाखवले, तो अजून मागे कसा, हा प्रश्न प्रत्येक आमदाराला त्याच्या दारात जाऊन विचारायचा आहे. आपल्या नावाने निवडून आलेल्यांना आधी.

आणि वेळ फार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. आता कुठल्याही उद्योगात संपाआधी चौदा दिवसांची नोटीस लागेल. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप धरला जाईल. तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला माणसे कमी करायला सरकारची परवानगी लागणार नाही, पूर्वी ही मर्यादा शंभर होती. १९३८ मध्ये मुंबई सरकारने संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांशी असलेले सगळे मतभेद बाजूला ठेवून ७ नोव्हेंबरचा एक दिवसाचा संप केला होता. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, अशी बाबासाहेबांची कायदेमंडळातली मांडणी होती. पक्षाचे नाव मजूर पक्ष आणि त्याआधी 'स्वतंत्र', हे त्यांनी उगीच ठेवले नव्हते. श्रमसंहिता आल्या त्या आठवड्यात आमच्या भागातल्या आंबेडकरी संघटनांची एकही सभा झाली नाही. आमचीही नाही, हे कबूल करतो. आम्ही महापरिनिर्वाण दिनाच्या गाड्यांच्या नियोजनात होतो.

म्हणून आता अभ्यासवर्गाची वेळ आम्ही बदलली आहे. रविवार सकाळऐवजी बुधवारी रात्री साडेदहा, कारण त्याच वेळी बहुतेकांची सुटका होते. पहिल्या बुधवारी ग्रंथ बाजूला ठेवून ऑफर लेटरे वाचली. सात जणांची सात पत्रे. तिघांचे पद 'असिस्टंट मॅनेजर' निघाले. हाताखाली एकही माणूस नाही, पण मॅनेजर म्हटले की दुकाने कायद्याचे तास आणि दुप्पट दराचा ओव्हरटाईम मागता येणार नाही, असा कंपनीचा हिशेब. प्रत्यक्षात न्यायालये पदाच्या नावाकडे न बघता कामाचे स्वरूप बघतात, हे वकील मैत्रिणीने समजावले तेव्हा एक पोरगी जोरात हसली. म्हणाली, मला आईने त्या पदाचे पेढे वाटले होते.

जिन्यात भेटलेला पोरगाही त्या रात्री आला होता. आल्या आल्या त्याने विचारले, फोन बंद केला तर चालेल ना? मग स्वतःच बंद करून चपलांच्या शेजारी ठेवला. पुढच्या बुधवारी त्याच्या ऑफिसातले आणखी दोघे येणार आहेत, त्यांपैकी एक आपल्यातला नाही. येताना सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणायला सांगितले आहे.